कोणाला काही प्रश्न?

माझे मामा एकतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसले. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक. भोकाच्या बाहेर जग, आत मामा. जगाने विचारायचं, मामांनी सांगायचं. साडेनऊची गेली का? गेली. पुढची कधी? दहा पन्नासला. नक्की ना? नक्की. कुठे लागेल? फलाट चार. मधे दोनदा बढती आली, ती त्यांनी नाकारली. वरच्या जागेवर माणसांशी बोलायला मिळत नाही, असं ते सांगायचे. वरच्या जागेवर पंखा नव्हता, असं मामी सांगायची.

उत्तरं द्यायची सवय अशी अंगात भिनली होती की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हात हातात घेऊन प्रेमाने विचारलं, "मग, आता पुढे काय?" तर मामा म्हणाले, "पुढची दहा पन्नासला."

पहिला आठवडा मामा नुसते झोपले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली. मी मामांकडे राहूनच शिकले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. "अगं, हे पातेलं कधीपासून वाकलंय?" "साखरेचा डबा चहाच्या डब्यापासून इतका लांब का ठेवतेस?" "आपल्या बेसिनचं पाणी शेवटी जातं कुठे?" मामी इस्पितळात नर्स होती. तीही निवृत्त झालेली, पण आजूबाजूचे लोक इंजेक्शन घ्यायला नाहीतर बीपी मोजायला अजून घरी यायचे. मामा त्यांनाही सोडेनात. दंडाला पट्टा बांधून श्वास रोखून बसलेल्या माणसाला विचारायचे, "तुम्हाला चपलेचा नंबर किती लागतो?" बीपी लगेच वर.

"एकतीस वर्षांचे साठवून ठेवले होते," मामी मला म्हणाली, "आता सगळे माझ्या डोक्यावर ओतताहेत."

मी छापखान्यात डीटीपीचं काम करते. शहरातल्या बऱ्याच आर्ट गॅलऱ्यांच्या निमंत्रणपत्रिका आमच्याकडे छापतात. एकदा माझ्या हातून 'शिल्प'चं 'शिप्ल' झालं आणि दोनशे पत्रिका परत आल्या. मागची बाजू कोरी होती, म्हणून मी गठ्ठा घरी आणला. मामी त्यावर सामानाची यादी करायची. एका सकाळी मामांनी यादी घेतली, उलटी केली आणि पुढची बाजू वाचायला लागले. मुक्त प्रवेश. कलाकाराशी संवाद. त्यानंतर प्रश्नोत्तरे.

मामांचं बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. "अगं, हे प्रश्नोत्तरे म्हणजे कोण विचारतं?"

"ज्याला हवं तो," मी म्हटलं.

"कोणीही?"

"जा," मामी आतून म्हणाली. "आत्ता जा."

"अगं, कार्यक्रम गुरुवारी आहे."

"मग गुरुवारपर्यंत बाहेर उभे राहा."

गुरुवारी मी मामांबरोबर गेले. ती गॅलरी म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. भिंती इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत, पण ऊन तापलं की त्या पांढऱ्या रंगाखालून रबराचा वास यायचाच. दाराची काच एवढी लख्ख होती की दार उघडं आहे की बंद हे मामांनी आधी बोटाने चाचपून पाहिलं. आतला माणूस लगेच फडकं घेऊन धावत आला आणि काचेवरचा बोटाचा ठसा पुसून गेला.

आत एका दोरीवर अकरा ओले टॉवेल टांगले होते. प्रत्येकाखाली एकेक बादली. टप, टप, टप. कलाकृतीचं नाव 'उरलेलं अंग'. भिंतीवर तिची माहिती लावली होती. ती मीच टाइप केली होती आणि टाइप करताना मला काही कळलं नव्हतं. आता मोठ्या अक्षरात तर मुळीच कळेना.

गॅलरीची मालकीण म्हणजे एक उंच बाई. तिचा लाल फ्रेमचा चष्मा एवढा मोठा होता की त्यातून दोघांना बघता आलं असतं. आम्ही घरी तिला लाल चष्माच म्हणतो. तिने कलाकाराची ओळख करून दिली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा शर्ट घातलेला एक हडकुळा मुलगा पुढे आला आणि पाऊण तास बोलला. अवकाश, अनुपस्थिती, विच्छेद, ओलावा, पुन्हा अवकाश. मग लाल चष्म्याने समोर नजर फिरवत विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

अशी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवली होती. चाळीस माणसं, सगळ्यांच्या माना खाली. माझ्या शेजारचा एकजण बुटांची नाडी बांधायला वाकला आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मामांचे कान मात्र लाल झाले. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आपल्याला विचारताहेत का?"

"सगळ्यांनाच, मामा."

मामांनी हात वर केला. शाळेतल्या पोराने करावा तसा, पार खांद्यापासून. उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे टॉवेल रोज ओले कोण करतं?"

मुलाने टॉवेलांकडे पाहिलं. लाल चष्म्याने मुलाकडे. टप, टप. मग मुलगा हळूच म्हणाला, "आई."

"मीच!" मागच्या रांगेतून एक बाई ताडकन उभ्या राहिल्या. "रोज सकाळी दहाला येते. अकरा टॉवेल बुडवायचे, आणि हा म्हणतो पिळायचे नाहीत. माझ्या चपला रोज भिजतात. आणि तो निळा आमच्या घरचा आहे, तो मला परत हवाय."

"आई, तो मध्यवर्ती टॉवेल आहे."

"मध्यवर्ती असेल तुझ्यासाठी. तुझे बाबा गेले पंधरा दिवस जुन्या धोतराच्या तुकड्याला अंग पुसताहेत."

सगळी गॅलरी हसली. पण गंमत अशी की त्यानंतर लोक उठून टॉवेलांजवळ गेले, आईला विचारायला लागले, कोणी बादलीत डोकावून पाहिलं. मुलगाही गळ्याचं बटण काढून माणसासारखा बोलायला लागला. लहानपणी आई ओल्या टॉवेलने त्याचा ताप उतरवायची, त्यातून हे सगळं सुचलं होतं. हे त्याच्या पाऊण तासाच्या भाषणात एकदाही आलं नव्हतं. निघताना लाल चष्म्याने मामांच्या हातात द्राक्षांची बशी दिली आणि म्हणाली, "काका, पुढच्या गुरुवारी नक्की या."

घरी आल्यावर मामांनी मामीला एकही प्रश्न विचारला नाही. मामीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिथून मामांची दुसरी नोकरी सुरू झाली म्हणा ना. शहरात चौदा गॅलऱ्या निघाल्या. कुठे उद्घाटन, कुठे कलाकाराशी गप्पा, कुठे कार्यशाळा. मामांनी एका वहीत वेळापत्रकच आखलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पहिली रांग, डावीकडून दुसरी खुर्ची. प्रश्न एकच आणि आखूड. लांबलचक प्रश्नांचा त्यांना तिटकारा. चौकशी खिडकीत ज्याला उशीर होतोय तो आखूड विचारतो आणि ज्याला कुठेच जायचं नाही तो लांबण लावतो, असा त्यांचा अनुभव. सगळ्या कार्यक्रमांना एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ यायचे, त्यांना सगळे प्रोफेसर म्हणायचे. ते उभे राहून सुरुवात करायचे, "खरं म्हणजे हा प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे..." एकदा ते निरीक्षण नवव्या मिनिटात शिरलं तेव्हा मामांचा जुना आवाज आपोआप सुटला, "विचारायचंय की सांगायचंय? रांग खोळंबलीय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रोफेसर खाली बसले आणि नंतर दोन महिने मामांपासून चार खुर्च्या लांब बसत राहिले.

एका चित्रकाराने भिंतीवरचा रंग वाळताना दोन तास दाखवणारी फिल्म केली होती. मामांनी विचारलं, "यात मध्यंतर आहे का?" चित्रकार म्हणाला, "हे सगळं मध्यंतरच आहे." मामांना ते इतकं पटलं की ते उठून चहा पिऊन आले. दुसऱ्या एका ठिकाणी काळोखी खोली होती आणि तिच्यात एक घुर्रर्र असा आवाज. लोक डोळे मिटून भिंतीला टेकलेले. कलाकार बाई म्हणाल्या, हा पृथ्वीच्या पोटातला आवाज आहे. मामांनी विचारलं, "हा आवाज तुमचा की फ्रिजचा?" बाई रागावल्या. पण मागच्या खोलीत जाऊन आल्या त्या चेहरा पाडूनच. त्यांचं यंत्र तीन दिवसांपासून बंद होतं. वायर निघाली होती. तीन दिवस लोक फ्रिज ऐकून भारावून जात होते, आणि वहीत तसे अभिप्रायही लिहून गेले होते.

मामांचं नाव झालं. काही कलाकार कार्यक्रमाआधी आडून आडून चौकशी करायचे, "ते काका येणारेत का?" आणि त्यात भीती किती, आशा किती, हे सांगणं कठीण.

मग तो धोंडा आला.

धोंडा म्हणजे खरं तर काँक्रीटचा गोळा. दीड माणूस उंच, उकडलेल्या बटाट्यासारखा ओबडधोबड, नाव 'भार'. करणारा शिल्पकार दांडगा, दाढीवाला, पण आवाज एकदम मऊ. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्या संध्याकाळी लाल चष्मा फार खुशीत होती, कारण एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बाईसाहेब तो गोळा दवाखान्याच्या बागेत ठेवायला विकत घेणार होते. जवळजवळ ठरलंच होतं.

"कोणाला काही प्रश्न?"

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामा उठले. "हे दारातून आत कसं आणलं?"

पैलवानाचा चेहरा उजळला. त्याला हेच सांगायचं होतं आणि कोणी विचारत नव्हतं. गॅलरीची पुढची बाजू दुरुस्तीला काढली होती, चार दिवस सगळं दर्शनी अंग उघडं होतं, त्यात क्रेन आणली, क्रेनवाल्याला शिंक आली आणि गोळा भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबला, शेजारच्या शिंप्याने घाबरून दुकान बंद केलं, असं सगळं त्याने हात नाचवत सांगितलं. अर्धा तास लोक मंत्रमुग्ध. टाळ्या.

मामांनी इथे बसायला हवं होतं. त्यांचा नियमच होता, एकच प्रश्न. पण टाळ्यांच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि आता बाहेर कसं नेणार?"

पैलवानाचे नाचणारे हात हवेतच राहिले. त्याने दाराकडे पाहिलं. नवं दार, नवी चौकट, मधे नवा लोखंडी खांब. मग गोळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. लाल चष्म्याने पण पाहिलं. दातांच्या डॉक्टरांनी हातातला सरबताचा ग्लास हलकेच टेबलावर ठेवला, बाईसाहेबांच्या कोपराला धरलं, आणि दोघं चवड्यांवर चालत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लाल चष्म्याचा फोन आला. "काका, तुम्ही जरूर या. पण प्रश्न विचारू नका."

"अजिबात?"

"अजिबात."

मामा मानी माणूस. ते गेले, पहिल्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि तोंड मिटून घेतलं. त्या दिवशी एक छायाचित्रकार होता. "कोणाला काही प्रश्न?" झालं आणि सगळे मामांकडे बघत राहिले. मामा समोर बघत राहिले. एक मिनिट गेलं. छायाचित्रकाराला घाम फुटला. मामा विचारत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर चुकलंय, असं त्याला वाटलं असावं. दुसरं मिनिट. कोणीतरी खोकलं आणि सॉरी म्हणालं. चार मिनिटं ही शांतता चालली. शेवटी लाल चष्म्यानेच टाळ्या वाजवून कार्यक्रम संपवला.

रविवारच्या पेपरात एका समीक्षकाने लिहिलं की छायाचित्रं ठीक होती, पण शेवटची चार मिनिटांची सामूहिक निःशब्दता हा गेल्या दहा वर्षांतला या शहरातला सर्वांत धाडसी प्रयोग होता.

झालं. शहरभर निःशब्दतेची टूम निघाली. एका गॅलरीने सहा मिनिटांची ठेवली, दुसरीने दहा. आमच्या छापखान्यात पत्रिका यायला लागल्या, 'कलाकाराशी संवाद, त्यानंतर निःशब्दता'. प्रश्नोत्तरं चौदाही गॅलऱ्यांतून हद्दपार झाली. आणि मामा घरी बसले.

"अगं, तू इंजेक्शन डाव्या हाताने का देत नाहीस?"

"अगं, आपल्या घड्याळाचा आवाज भिंतीतून येतो का?"

"अगं, लसूण सोलल्यावर त्याचं वजन किती कमी होतं?"

मामीने आधी कानात कापूस घातला. मग तोच कापूस मामांच्या तोंडात घालायची धमकी दिली. मी छापखान्यात जास्तीचं काम मागून घ्यायला लागले.

तिकडे गॅलरीत गोळा तसाच. त्याच्याभोवती तीन नवी प्रदर्शनं होऊन गेली. लघुचित्रांच्या प्रदर्शनात लोक चित्रांकडे पाठ करून गोळ्याचेच फोटो काढत होते. विणकामाच्या प्रदर्शनात लाल चष्म्याने त्याच्यावर चादर टाकली, तेव्हा तर लोक चादरीखाली वाकून बघायला लागले. शेवटी एका संध्याकाळी पैलवान आमच्या दारात उभा राहिला. दारातून आत येताना त्याने आधी चौकट नजरेने मोजली. बिचाऱ्याला सवयच लागली होती.

"काका," तो म्हणाला, "प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत असेल."

मामा पहिल्यांदाच ओशाळलेले पाहिले मी. "बाबा रे, मला माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?"

पैलवान मटकन बसला. खुर्ची कुरकुरली. मामीने सवयीप्रमाणे त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून चेहरा वाकडा केला. "केवढा घोर लावून घेतलायस! काय वस्तू आहे ती, चित्र काढून दाखव."

पैलवानाने सामानाच्या यादीमागे, म्हणजे पुढे, जिथे जागा होती तिथे गोळा काढला. उंची, रुंदी, जाडी. मग दार काढलं. मामीने चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं.

"उभा नेताय होय?"

"मग कसा?"

"अरे, जड पेशंट खाटेवरून हलवताना आम्ही काय त्याला उभा करतो? कुशीवर वळवायचा. या बाजूने हा अरुंद आहे बघ. कुशीवर घ्या, पाठीमागे उशा लावा, खालून पाइप सारा आणि ढकला. दाराची एक बाजू काढावी लागेल तेवढी. खांब आहे तसा राहू दे."

पैलवानाने कागद आडवा धरून पाहिला. मामा मामीकडे वळले. "अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलं?" मामी म्हणाली आणि पट्टा गुंडाळून ठेवला.

रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. पत्रिका वगैरे काही छापली नव्हती, पण बातमी फुटलीच. टॉवेलवाला मुलगा आला, त्याची आई आली, फ्रिजवाल्या बाई आल्या, प्रोफेसर फोल्डिंगची खुर्ची घेऊन आले. शेजारच्या शिंप्याने आधीच दुकान बंद केलं आणि मग बघायला फुटपाथवर येऊन उभा राहिला. आठ हमाल, सहा लोखंडी पाइप, आमच्या घरच्या दोन गाद्या, बाहेर क्रेन आणि ट्रक. मामी गोळ्याच्या डोक्याशी उभी. "घाई नको. आधी गुडघे... म्हणजे ही खालची बाजू. हं. आता खांदा. सावकाश! तो कुठे जाणार नाहीये." आणि गोळा खरंच आजारी माणसासारखा हळूच कुशीवर वळला. गादीने उसासा टाकला.

बाहेरची बाजू मामांकडे. एकतीस वर्षं खिडकीत बसून गाड्या मागे घेणाऱ्यांच्या हाका ऐकलेल्या, त्या सगळ्या त्या दिवशी बाहेर पडल्या. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... डावं मार... बस्स! बस्स म्हटलं ना!" खांब आणि गोळा यांच्यामधे दोन बोटं जागा होती. मामांनी स्वतःची दोन बोटं घालून ती दाखवली आणि वेळेत काढली. अर्धा गोळा आत, अर्धा बाहेर असताना तो अडकला. लाल चष्मा आणि पैलवान आत, आम्ही बाहेर. वीस मिनिटं तिचा फक्त आवाज येत होता, "काका, मी कुठून निघू?" शेवटी मामीने चौकटीला साबणाचं पाणी लावायला सांगितलं. आतून पैलवानाने खांदा लावला, तोंडाने आईचं नाव घेतलं, आणि 'भार' फसकन फुटपाथवर आला.

असा टाळ्यांचा कडकडाट त्या गॅलरीने कधी ऐकला नसेल. समीक्षक डोळे पुसत वहीत लिहीत होता. क्रेनने गोळा ट्रकवर चढवला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "कुठे न्यायचंय?"

सगळे मामांकडे वळले. मामा पैलवानाकडे. पैलवान भाड्याच्या घरात राहत होता, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चारजणांची.

एवढे सगळे डोकं लावून बसलेलो, हा एक प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. ट्रक त्या गोळ्याला घेऊन दुपारभर शहरात हिंडला. दोन बागांनी नाही म्हटलं. एका शाळेने हो म्हटलं आणि गोळा पाहून नाही म्हटलं. शेवटी पैलवानाच्या सासऱ्यांच्या रोपवाटिकेत तो उतरवला. सासरे गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी दोन दिवस जावयाशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी गोळ्याच्या सावलीत नाजूक रोपं ठेवायला सुरुवात केली. म्हणे, एवढी चांगली सावली कुठल्या जाळीखाली मिळत नाही.

लाल चष्म्याने बंदी उठवली. एवढी गर्दी पाहिल्यावर न उठवून सांगते कोणाला! "काका, गुरुवारपासून या. पण एकच प्रश्न."

"आणि उपप्रश्न?"

"एकच."

"बरं," मामा म्हणाले.

निःशब्दतेची टूमही हळूहळू ओसरली. दहा मिनिटं गप्प बसल्यावर लोकांना भूक लागते आणि द्राक्षं आधीच संपलेली असतात, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. एका छोट्या गॅलरीत एका चित्रकार मुलीची चित्रं होती. वहीच्या पानाएवढी लहान. तिने बाहेर पडून माणसं बघितली होती, एवढंच. झेब्रा क्रॉसिंगवर थांबलेली बाई, शिडीवरचा रंगारी, बाकावर डबा खाणारा माणूस. मामा प्रत्येकासमोर थांबत होते. एका चित्रात एक नर्स दाराबाहेर स्टुलावर बसून पाय दाबत होती. तिथे तर ते चांगलेच रेंगाळले. मग मुलगी थोडंसं बोलली, आणि "कोणाला काही प्रश्न?" झालं.

सगळे मामांकडे वळले. मामा म्हणाले, "नाही. छान आहेत."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. कार्यक्रम संपला, आम्ही जिना उतरलो, तर ती मागून पळत आली. "काका! काही चुकलं का? तुम्ही काहीच नाही विचारलंत!"

"अगं, आवडली म्हणून नाही विचारलं."

"सगळ्यांना विचारता ना तुम्ही? टॉवेलवाल्याला विचारलंत, पैलवानदादांना विचारलंत. मला पण विचारा ना काहीतरी. माझं पहिलंच प्रदर्शन आहे."

मामा बिचारे डोकं खाजवायला लागले. मी हसू दाबून उभी. "बरं," ते म्हणाले, "या फ्रेमा कुठून केल्यास?"

मुलगी अशी खुलली! आम्ही फुटपाथवर पाऊण तास उभे होतो. फ्रेमवाल्याचं दुकान, त्याची करवत, तो लाकडाचा वास घेऊन सांगतो की ते ओलं आहे की सुकं, काच बसवताना गाणं म्हणतो पण एकच ओळ, सगळं तिने सांगितलं. पत्ता लिहून दिला.

मामा दुसऱ्याच दिवशी तिथे गेले. सोबत मामीचा एक जुना फोटो नेला होता, इस्पितळाच्या गणवेशातला, कमरेवर हात आणि कपाळाला आठ्या. चार दिवसांनी फ्रेम होऊन आली. मामांनी स्टुलावर चढून ती बैठकीच्या खोलीत लावली, मागे सरून पाहिली, आणि मामीला हाक मारली.

मामी हात पुसत आली. एक डोळा मिटून फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "डावीकडे उतरलाय."

"काहीतरीच! उजवीकडे उतरला असेल एक वेळ."

"डावीकडे. उतरा खाली, मी करते."

आणि मामी स्टुलावर चढली, तेव्हा मामा खालून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. मी दोघांना सांगून पाहिलं की तो सरळच आहे, पण माझं तिथे ऐकतो कोण.